वहीवरचा दिवा

(आपल्या मंडळाच्या ऑक्टोबर २०२४ मधील कोजागिरीच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर. बऱ्याच सभासदांनी मागितला म्हणून थोडाफार नीट करून इथे देत आहे.)



सेक्रेटरींनी मला गेल्या आठवड्यात सांगितलं, "तुम्ही यंदा ते दिव्याचं केलंत ना, त्यावर पंधरा मिनिटं बोला." मी म्हटलं, अहो, मी डिप्लोमावाला माणूस. डेपोत टेबलावर चढून पंखा का फिरत नाही ते बघणारा. माझं भाषण म्हणजे जॉब कार्ड वाचल्यासारखं होईल. ते म्हणाले, चालेल. तेव्हा जे काही होईल त्याची जबाबदारी सेक्रेटरींची.

विषय साधा आहे. स्टेजवर गाणाऱ्याच्या किंवा वाजवणाऱ्याच्या समोर जी वही असते, त्या वहीवर दिवा कोणता लावायचा. एवढंच. तुम्ही म्हणाल, यात बोलण्यासारखं काय आहे? मलाही २०२३ पर्यंत असंच वाटत होतं.

२०२३ च्या उत्सवातली सुगम संगीताची संध्याकाळ तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. आमचे पेटीवाले काका समोरच बसले आहेत, त्यांची परवानगी घेऊनच बोलतो आहे. मी बिलासपूरला बदलून आलो त्याच्या आधीपासून काका मंडळात पेटी वाजवत आहेत. आरतीला, भजनाला, मुलांच्या नाट्यछटांना, सगळ्याला तेच. जुनी गाणी त्यांना वही न उघडता येतात. पण त्या वर्षी खैरागढच्या संगीत विश्वविद्यालयात शिकणारी आपल्यातलीच एक मुलगी गायला होती. तिने नवीन चालीचं एक विरहगीत बसवलं होतं, मधल्या संगीताचे तुकडे बरेच होते आणि ते काकांनी वहीत लिहून घेतले होते. तालीम उत्तम झाली. प्रत्यक्ष कार्यक्रमात पहिलं कडवं झालं, मधला तुकडा आला आणि पेटी थांबली. तबला एकटाच चार आवर्तनं चालला. मुलगी हुशार, तिने आलाप घेऊन सावरलं. लोकांनी टाळ्याही वाजवल्या. पण काकांनी पेटीचा भाता बंद केला, वही मिटली आणि उरलेली तिन्ही गाणी नुसतं स्वर धरून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आरतीला काका आले नाहीत. मी घरी गेलो तर म्हणाले, "बाबा रे, आता पुरे. वही समोर होती आणि मला काही वाचताच आलं नाही. डोळे उघडे होते पण डोकं चालेना. आमच्या वडिलांचं शेवटी असंच झालं होतं." काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी मला नुसती मान हलवून 'आता काही बोलू नका' अशी खूण केली. मी चहा घेतला आणि निघालो.

पण डोक्यात एक गोष्ट राहिली. काका म्हणाले होते, "रेघा दिसत होत्या रे, अक्षरं नव्हती." आता माणसाचं डोकं चालेनासं झालं तर रेघा आणि अक्षरं दोन्ही जातील. एकच कसं जाईल? आमच्याकडे डब्यातल्या निम्म्या बत्त्या गेल्या आणि निम्म्या चालू असल्या तर आम्ही बॅटरीला दोष देत नाही, फ्यूज कुठला गेला ते बघतो. मी संध्याकाळी काकांकडून ती वही मागून आणली. विसर्जनानंतर टेंटवाल्याचं सामान निघायच्या आधी त्याच्या लाइटवाल्या पोराला म्हटलं, भैया, त्या दिवशी त्या गाण्याला कुठला रंग टाकला होतास तो परत टाक. तो म्हणाला, "सर, बिरह का गाना था, तो हमने पूरा नीला माहौल बनाया था." आणि त्याने निळे पार लाइट लावले.

मंडळी, मी वही उघडली आणि माझ्या अंगावर काटा आला. पान रिकामं होतं! म्हणजे अगदी रिकामं नाही. काकांची पद्धत अशी की स्वर निळ्या बॉलपेनने लिहायचे आणि कोमल स्वराखालची आडवी रेघ, समेची फुली, टाळीचे आकडे हे लाल पेनने. त्या निळ्या उजेडात निळी अक्षरं कागदात मिसळून गेली होती आणि लाल रेघा काळ्याभोर होऊन उठून दिसत होत्या. रूळ दिसत होते, गाडी नव्हती.

कारण सरळ आहे. निळी शाई निळी दिसते ती निळा प्रकाश परत फेकते आणि बाकीचे रंग गिळते म्हणून. पांढरा कागद सगळेच रंग परत फेकतो. आता तुम्ही नुसता निळाच प्रकाश दिला तर कागदही निळा परत फेकणार आणि शाईही निळाच परत फेकणार. फरक उरला कुठे? लाल शाई मात्र निळा प्रकाश गिळून टाकते, म्हणून ती काळी दिसते. मग पोराला सांगून लाल दिवे लावून पाहिले. आता उलटं झालं. स्वर काळे कुळकुळीत, आणि खालच्या कोमलच्या रेघा गुप्त. ते आणखी धोक्याचं, कारण यात वादक थांबत नाही, आत्मविश्वासाने चुकीचा स्वर वाजवतो. पूर्वीच्या पिवळ्या बल्बवर रंगीत कागद लावत, त्यातून बाकीचे रंग थोडेफार गळत असत. आताचे एलईडीचे पार लाइट अगदी एकाच रंगाचे असतात, म्हणून हा प्रकार वाढला आहे.

मी त्याच रात्री साडेनऊला काकांना घेऊन मांडवात आलो. काही न सांगता त्यांना वही दाखवली, मग दिवा बदलायला लावला, मग परत दाखवली. काका बराच वेळ पानं उलटत राहिले. मग लाइटवाल्या पोराला म्हणाले, "फिर से नीला करना." असं त्यांनी चार-पाच वेळा करायला लावलं. घरी जाताना रस्त्यात फक्त एवढं म्हणाले, "म्हणजे डोकं ठीक आहे म्हणायचं."

डोकं ठीक होतं, पण डोळे पूर्ण ठीक नव्हते, हेही सांगितलं पाहिजे. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. बाहुली लहान होते आणि भिंग पिवळसर होत जातं. काकांना एका डोळ्यात मोतीबिंदू निघाला. जानेवारी २०२४ मध्ये त्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू असला की समोरून येणारा उजेड डोळ्यात पसरतो आणि सगळं धुक्यासारखं होतं. म्हणजे अशा माणसाला उजेड जास्त लागतो आणि तोच उजेड डोळ्यात गेलेला चालत नाही. दिवा निवडण्याची सगळी अडचण या एका वाक्यात आहे.

आता या कामाशी माझा संबंध काय? मी ट्रेन लाइटिंगमधला माणूस. गाडीच्या बर्थजवळ वाचायचा छोटा दिवा असतो ना, तो आमच्याकडे. त्या दिव्याचं एकच तत्त्व आहे: खालचा प्रवासी पुस्तक वाचत असला तरी समोरच्या बर्थवरच्या प्रवाशाची झोप मोडता कामा नये. स्टेजवरच्या वहीचंही हेच आहे. वाचणाऱ्याला दिसलं पाहिजे आणि पहिल्या रांगेतल्या माणसाला तो दिवा दिसता कामा नये. जर्मनीत बायरॉइट गावी १८७६ मध्ये वाग्नरचं नाट्यगृह उघडलं. तिथे वादकांचा सगळा ताफाच खड्ड्यात बसवून वर छप्पर घातलं आहे, त्यामुळे वादकही दिसत नाहीत आणि त्यांच्या वह्यांवरचे दिवेही दिसत नाहीत. आपल्याला मांडवात खड्डा खणायची परवानगी कॉलनी केअरटेकर देणार नाही, तेव्हा दुसरा उपाय शोधणं भाग होतं.

(इथे एक खुलासा. या सगळ्या प्रयोगात रेल्वेचा एकही दिवा, वायर किंवा स्क्रू वापरलेला नाही. व्हिजिलन्समधले आपले एक सभासद दुसऱ्या रांगेत बसले आहेत, त्यांनी निवांत दूध प्यावं.)

आधी किती उजेड लागतो ते बघू. उजेड मोजतात लक्समध्ये. आत्ता आपण चंद्राखाली बसलो आहोत. कोजागिरीचा चंद्र कितीही गोड वाटला तरी तो देतो पाव लक्सच्या आसपास. भर दुपारचं ऊन लाखभर लक्स. ऑफिसच्या टेबलावर तीनशे ते पाचशे लक्स चांगले समजतात. मी एक छोटा लक्स मीटर विकत घेतला आणि काकांना व मला दोघांनाही बसवून बघितलं. आजूबाजूला अंधार असेल तर मला दीडशे लक्सला वही आरामात वाचता आली. काकांना अडीचशे लागले. पाचशे केले तर वही झकास दिसायची, पण मान वर करून गायिकेकडे बघितलं की सगळा काळोख. पेटीवाल्याला गाणाऱ्याच्या तोंडाकडे बघावंच लागतं, ती कधी उचलणार ते तिथेच कळतं. म्हणून जास्तीत जास्त उजेड हा चांगला उजेड नाही. दिवा कमी-जास्त करता आला पाहिजे, आणि तालमीत ठरवून त्या खुणेवर ठेवला पाहिजे.

पहिला दिवा आणला तो चिमट्याचा, दोन मानांचा, बाजारात सगळीकडे मिळतो तो. स्वस्त आहे. पण त्याचा उजेड म्हणजे पानाच्या मध्यभागी एक लखलखीत गोल आणि कडेला अंधार. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, हा नियम आपण शाळेत शिकलो. दिवा पानाच्या वरच्या कडेपासून वीस सेंटीमीटरवर असेल आणि खालची कड चाळीस सेंटीमीटरवर, तर खालच्या ओळीला चौथाईच उजेड, आणि तो तिरका पडतो म्हणून त्याहूनही कमी. शिवाय ए फोरची दोन पानं उघडली की रुंदी बेचाळीस सेंटीमीटर होते. छोट्या टपोऱ्या दिव्याने ती भरत नाही. म्हणून दिवा लांबट, पट्टीसारखा हवा. आमचा शेवटी ठरलेला दिवा तसाच आहे.

आणि हे कडेचं प्रकरण किरकोळ नाही. भातखंडे पद्धतीच्या लेखनात स्वराखाली टिंब असेल तर मंद्र सप्तक, वर टिंब असेल तर तार. म वर उभी रेघ असेल तर तीव्र. खाली आडवी रेघ असेल तर कोमल. म्हणजे एक टिंब दिसलं नाही की गाणं एका सप्तकाने हलतं. गंमत म्हणजे पलुस्करांच्या पद्धतीत वरचं टिंब मंद्राचं असतं आणि तारसप्तकाला उभी रेघ. ज्यांच्याकडे दोन्ही पद्धतींच्या वह्या आहेत त्यांनी तर चष्मा पुसूनच बसावं. इंग्रजी पद्धतीचे मोठे काळे गोळे निदान दुरून दिसतात. आपलं सगळं संगीत टिंबावर चाललं आहे.

दुसरा दिवा पांढऱ्याशुभ्र उजेडाचा होता. ज्याच्या खोक्यावर साडेसहा हजार केल्विन असं लिहिलेलं असतं तो. त्यात दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे लाल शाई तपकिरी, मळकट दिसायला लागली, कारण स्वस्त एलईडीत लाल रंग कमी असतो. खोक्यावर सीआरआय म्हणून आकडा असतो, तो नव्वदच्या वर असलेला घ्यावा. दुसरी गोष्ट तुम्हाला सांगायलाच नको. भाद्रपद महिना, पाऊस नुकताच थांबलेला, शेजारी रेल्वेचं तळं. तालमीला दिवा लावल्यावर पाच मिनिटांत वहीवर इतके किडे जमले की कुठलं टिंब काकांचं आणि कुठलं देवाने पाठवलेलं ते कळेना. एक हिरवा तुडतुडा बरोबर गंधारावर बसला आणि काकांनी तार गंधार वाजवला. ही थट्टा नाही, तबलजी साक्षीदार आहेत. पिवळसर उजेडाकडे किडे कमी येतात. तीन हजार केल्विनच्या आतला दिवा आणला आणि किडे बरेच घटले. पूर्ण नाही गेले.

चकाकीबद्दल मात्र मी जरा जोरात बोलणार आहे, कारण वहिनी मंडळींच्या भजनाच्या फायली मी पाहिल्या आहेत. गाण्याचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून फाईल करतात. घाम लागत नाही, तीर्थ सांडलं तरी चालतं, हे मला मान्य आहे. पण प्लास्टिकवर दिवा पडला की तो आरशासारखा तुमच्याच डोळ्यात येतो. दिवा कितीही महाग घ्या, त्या जागेची ओळ वाचता येणार नाही. कार्यक्रमापुरते तरी कागद पिशवीतून बाहेर काढा आणि पंख्याने उडू नयेत म्हणून कपड्याचे चिमटे लावा. आणि लिहिताना काळ्या शाईने लिहा. काळी शाई कुठल्याही रंगाच्या उजेडात काळीच राहते. काकांनी ती चाळीस पानं काळ्या पेनने परत उतरवून काढली. दिव्याआधी ह्याच उपायाला मी जास्त मार्क देईन, खर्च दहा रुपये.

चष्म्याचंही एक आहे. आपण चाळिशी लावतो ती हातात धरलेल्या वर्तमानपत्राच्या अंतराची असते, साधारण चाळीस सेंटीमीटर. पेटीपलीकडे स्टँडवर ठेवलेली वही साठ-सत्तर सेंटीमीटरवर जाते. तिथे चाळिशीतून धूसर दिसतं आणि माणूस उजेड वाढवत बसतो. मी स्वतः हेच करत होतो. टेप घेऊन अंतर मोजा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना तो आकडा सांगा.

दिवा पेटीवर लावू नका. भात्याने पेटी हलते, दिवा हलतो, आणि अक्षरं नाचतात. वेगळ्या स्टँडला, वरून आणि किंचित डावीकडून. खालून लावलात तर वाजवणाऱ्याचा चेहरा रामसे बंधूंच्या पिक्चरसारखा दिसतो. आम्ही दिव्याला काळ्या चार्ट पेपरची टोपी केली आणि मी स्वतः पहिल्या रांगेत, मग जमिनीवर बसून बघितलं, कारण लहान मुलं सतरंजीवर पुढे बसतात आणि त्यांना टोपीच्या खालून दिवा दिसतो. टोपी दोनदा वाढवावी लागली.

आता विजेची बाजू, म्हणजे माझं घर. इथे माझीच फजिती झाली. मी सगळ्यांना ऐटीत सांगितलं की दिवा पॉवर बँकेवर चालवू, मेन्सची भानगड नको, चार्जर लावला की माईकच्या वायरीत भुणभुण येते. ती येत होतीच, ऐकलं होतं आम्ही. रंगीत तालमीला दिवा लावला, गाणं सुरू झालं आणि अर्ध्या मिनिटात दिवा गेला. परत लावला, परत गेला. काकांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही, मागच्या वर्षीची सगळी भीती तिच्यात होती. मीटर लावून बघितलं तेव्हा लक्षात आलं. आमचा दिवा मंद केलेला, करंट अगदी थोडा. काही पॉवर बँका इतका थोडा करंट पाहिला की समजतात मोबाईल भरला, आणि आपणहून बंद होतात. वीस वर्षं बॅटऱ्या सांभाळणाऱ्या माणसाला एका हातभर डबीने शिकवलं. मग दिव्याच्याच पोटात बॅटरी असलेला प्रकार घेतला, बाराशे रुपयांच्या आत. सलग चार तास जाळून बघितला, दर अर्ध्या तासाला लक्स लिहून ठेवले. तिसऱ्या तासानंतर उतरायला लागतो. म्हणून मध्यंतरात दुसरा भरलेला दिवा लावायचा, असे दोन घेतले. मोबाईलचा कॅमेरा दिव्यासमोर धरून बघा, काळे पट्टे सरकताना दिसले तर तो दिवा लुकलुकणारा आहे. डोळ्याला कळत नाही पण व्हिडिओत सगळे पट्टे येतात. तसला घेऊ नका.

तरुण मंडळी म्हणतील की टॅब्लेट ठेवा, दिव्याचा प्रश्नच नाही. ठेवा, माझी हरकत नाही. आतून उजेड असतो, शाईचा घोळ नाही, अक्षर मोठं करता येतं. पण २०२४ च्या उत्सवातच एकाच्या टॅब्लेटवर ध्रुवपद चालू असताना सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. आणि काका म्हणतात, "काचेवर पेन्सिलने खूण कुठे करू?"

२०२४ च्या उत्सवात काका बसले. तेच विरहगीत, तीच मुलगी, तिनेच हट्ट धरला होता. लाइटवाला पोरगाही तोच. त्याने मला विचारलं, "सर, नीला करें कि नहीं?" मी काकांकडे बघितलं. काका म्हणाले, "करने दो." स्टेज पूर्ण निळं झालं, आणि वहीवर तेवढा पिवळसर चौकोन. मी बाजूला पडद्यामागे स्टोअरकीपरसारखा दुसरा दिवा हातात धरून उभा होतो. मधला तुकडा आला आणि गेला. मला संगीतातलं फार कळत नाही, तो नीट वाजला की नाही ते मी तबलजींच्या चेहऱ्यावरून ताडलं. काकू चौथ्या रांगेत होत्या. त्या टाळ्या वाजवायच्या विसरल्या होत्या, नुसत्या बसून होत्या.

नंतर काका म्हणाले, "दिवा चांगला आहे रे, पण त्यात माझ्या सगळ्या जुन्या चुका दिसतात. एका भजनात मी बारा वर्षं शुद्ध निषाद वाजवत होतो, वहीत कोमल लिहिलाय." ते भजन म्हणणाऱ्या वहिनी इथेच आहेत. त्यांनी सांगितलं की आता बदलू नका, आम्हाला सवय झाली आहे. त्याचा निकाल अजून लागलेला नाही.

दोन्ही दिवे, टोपी आणि मीटर मंडळाच्या लोखंडी पेटीत वरच्या कप्प्यात ठेवले आहेत. बॅटरी रिकामी ठेवली तर खराब होते, म्हणून दर दोन महिन्यांनी अर्धी-पाऊण भरायची आहे. ते मी करीन, आणि माझी बदली झाली तर माझ्या जागी कोण हे कार्यकारिणीने आत्ताच ठरवावं. किल्ली काकांकडे आहे.

दूध तयार झालेलं दिसतं.